तुम्हाला चालेल ते

चाळिशीला टेकल्यावर लग्न केलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. आधी "आत्ता कशाला?" आणि मग "हनिमूनला कुठे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी कुणाला बांधील नव्हते. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, कारण ते शोधायला आम्ही चार महिने घालवले आणि तोवर ते आम्ही ठरवलंच नाही. ते आपलं आपण ठरत गेलं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोकांच्या तोंडांची मापं पाठवतात, आम्ही त्यावरून कॅप आणि कवळ्या बनवतो. दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि घासायच्या मशीनचा आवाज. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी पांढरी भुकटी निघते. लग्नाचं कळल्यावर शेजारच्या टेबलावरच्या दोघी बऱ्याच खुसखुसल्या. "हसतील त्यांचे दात दिसतील," असं माझी मावशी म्हणते. आमच्याकडे दात दिसायला कुणाला हसावं लागत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींची एक वसाहत आहे, तिथल्या सगळ्या लिफ्ट त्याच्या ताब्यात. राहायची जागाही तिथेच, तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून. वसाहतीतले लोक त्याला लिफ्टमास्तर म्हणतात. लिफ्ट अडकली की माणसाला देवाच्या आधी लिफ्टमास्तर आठवतो, आणि देवाच्या दाराला बेल नसते, आमच्या दाराला आहे. जेवताना वाजते, आंघोळीच्या वेळी वाजते, आणि दोघं पहिल्यांदाच काहीतरी मनातलं बोलायच्या बेतात असलो की हमखास वाजते. लग्नाला चार महिने झाले होते आणि आमचं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलेलं नव्हतं. मी त्याला अजून "अहो, तुम्ही" म्हणत होते. तो मला "तू" म्हणायचा, पण इतक्या अदबीने की तेसुद्धा "तुम्ही"सारखंच वाटायचं. एकमेकांचा टॉवेल न वापरणारे, नळ आधी तुम्ही घ्या म्हणणारे दोन सज्जन भाडेकरू एका घरात राहावेत, तसे आम्ही राहत होतो.

म्हणून मला त्या बेटावर जायचं होतं. समुद्राची मला फारशी हौस नाही. पण पाच दिवस बेल नसलेल्या जागी या माणसाबरोबर राहिले नाही, तर आम्ही असेच राहू, एकमेकांशी चांगलं वागत म्हातारे होऊ, अशी मला भीती वाटत होती. ती मी कुणालाही सांगितली नव्हती, त्याला तर नाहीच.

बेट नवऱ्याच्या मामेभावाने सुचवलं. तो प्रवासाची बुकिंगं करतो. नात्याने माझा धाकटा दीर, म्हणून मी त्याला भाऊजी म्हणते. भाऊजी परदेशात वाढलेला. मराठी त्याला आईकडून मिळालं, तेही स्वयंपाकघरातलं, त्यामुळे तो बोलतो छान, पण प्रत्येक शब्द जसाच्या तसा गिळतो. इथे आला तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने संध्याकाळी "आता दुकान वाढवतो" म्हटलं, तर हा त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करून आला आणि कितीने वाढवताय म्हणून विचारलं. वाणी बिचारा कुलूप हातात घेऊन बघत राहिला.

तर या भाऊजीने बेटावरच्या तीन जागांचे फोटो पाठवले. पहिली पाण्यात खांबांवर उभी असलेली झोपडी, तिच्या जमिनीला मधोमध काच, खाली मासे दिसतात म्हणे. दुसरी टेकडीवरची एकच खोली. तिसरं बोटीच्या धक्क्याजवळचं दोन खोल्यांचं घर. आणि खाली लिहिलं होतं, नवीन जोडपी पाण्यावरचीच घेतात.

आमचं ठरवणं असं चालायचं. तो कामावरून यायचा, हाताचं वंगण रॉकेलने पुसायचा, मग साबणाने धुवायचा, मग ताटावर बसायचा. मी फोन त्याच्यापुढे धरायची.

"कुठलं घ्यायचं?"

"तुला आवडेल ते."

"मला काय, कुठलंही चालेल. तुम्हाला?"

"मलाही काहीही चालेल. पाण्यावरचं चांगलं आहे ना?"

"हो, चांगलं आहे. तुम्हाला आवडलं असेल तर तेच घेऊ."

"नाही, तुला आवडलं असेल तर."

इथपर्यंत आलं की एक तर बेल वाजायची नाहीतर तो बसल्या जागी पेंगायचा. त्याची मान खाली गेली की मी फोन बंद करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊजी विचारून विचारून थकला, त्याच्या दाताच्या कण्या झाल्या म्हणायच्या.

माझं "चालेल" जुनं आहे. आई गेली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. मावशीने मला तिच्याकडे नेलं, आणि माझ्यामुळेच असेल, तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. तिने मला कधी एका शब्दाने जाणवू दिलं नाही. पण लहान मूल हिशेबी असतं. कुठला फ्रॉक हवा, चालेल. कुठली शाळा, चालेल. भात पुरला नाही, चालेल. नाही म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं मी मनाशी धरून टाकलं आणि पुढे ती सवयच झाली. नवऱ्याचं "चालेल" त्याच्या कामातून आलं असणार. आत अडकलेला माणूस दारावर लाथा मारत ओरडत असतो, त्याला "हो, होईल, उघडतो" याशिवाय दुसरं काय सांगणार? दोन चालेलवाले एका घरात आले की घर भांडणाशिवाय चालतं आणि जागचं हलत नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी भाऊजीचा फोन आला, की आज सांगितलं नाही तर तिन्ही जागा जातील. मावशी आमच्याकडे आली होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. माझे सैल झालेले दोन ब्लाउज तिने टिपा मारून घट्ट करून आणले होते. आधी शिवणकामावरच तिने घर चालवलं, आता डोळे साथ देत नाहीत, तरी माझं मापाचं काम ती दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही. नवऱ्याने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला, म्हणजे दोघांना ऐकू येईल.

"बोला दादा, वहिनी. पाण्यावरचं ना?"

"तिला विचार," नवरा म्हणाला.

"यांना विचारा," मी म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. मागच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली होती. नवऱ्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, "येतो मी" म्हणाला आणि गेला. मावशीनेही पदर सारखा केला. "मी पण येते गं," ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली. मी तिच्या चपला शोधायला दाराशेजारच्या पलंगापाशी वाकले, कारण नवऱ्याने जाता जाता त्या पायाने पलंगाखाली ढकलल्या होत्या. मागून भाऊजी काहीतरी बोलत होता. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"...चालेल ना, वहिनी?"

"चालेल," मी पलंगाखालून म्हणाले.

"मग धक्क्याजवळचं दोन खोल्यांचंच बरं पडेल. तेच करतो. चालेल?"

"चालेल हो भाऊजी. काहीही चालेल."

खरं सांगते, मला हलकं वाटलं. कुणीतरी ठरवलं होतं. दोन खोल्या कशाला, हे विचारायचं त्राण मला नव्हतं. त्या आठवड्यात लॅबमध्ये एका डॉक्टरची सगळी मापं चुकीची आली होती आणि आम्ही तेच काम दुसऱ्यांदा करत होतो. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की धक्क्याजवळचं घर ठरलं.

तो हात पुसता पुसता थांबला. "दोन खोल्यांचं?"

"हो. तेच बरं पडेल म्हणाले."

"बरं," तो म्हणाला, आणि त्या दिवशी मान खाली घालून जेवला. मला वाटलं, दमला असेल.

चारेक दिवसांनी लॅबमध्ये मावशीचा फोन आला. मी एक दाढ घासत होते. फोन खांद्यात धरला.

"अगं, बोटीत मला मळमळतं की नाही कुणास ठाऊक. आयुष्यात कधी बसले नाही. काय करू?"

"गोळी घे," मी म्हणाले, "निघायच्या आधी," आणि फोन ठेवला. दाढ पूर्ण घासून झाली. डबीत घातली, डबीवर डॉक्टरचं नाव लिहिलं. मग माझ्या डोक्यात आलं, की कुठली बोट?

मी बाहेर जिन्यात जाऊन भाऊजीला फोन लावला. तो आनंदात होता. मावशींचं ओळखपत्र मिळालं, सगळं झालं, म्हणाला. खालची खोली त्यांना देऊ, म्हणजे पायऱ्या नकोत.

"मावशीला कुणी बोलावलं?"

"त्याच म्हणाल्या ना. दादा म्हणाला येतो मी, मावशी म्हणाल्या मी पण येते. मला जरा वेगळंच वाटलं, वहिनी, हनिमूनला मावशी. म्हणून मी तुम्हाला विचारलं, मावशी पण येतायत, चालेल ना? तुम्ही म्हणालात चालेल."

त्याला काय सांगणार, की आमच्यात निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो? आणि समजावून सांगितलं तरी पुढचं त्याच्या गळ्यात घालता येणार नव्हतं. "चालेल" मी म्हटलं होतं. त्याने मावशीला फोन केला, ओळखपत्र मागितलं, मावशीला वाटलं पोरीने बोलावलं. ती मला का विचारेल? जिने मला अंगावरचं काढून घातलं, तिला मी एकदा समुद्र दाखवायला नेते आहे, यात विचारण्यासारखं तिला काय होतं?

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "येऊ दे मावशींना. चालेल मला."

चार महिन्यांत मी पहिल्यांदा त्याच्यावर चिडले. ताट सरकवलं. "तुम्हाला काय चालत नाही, ते एकदा सांगाल का? माझ्याबरोबर एकट्याने राहायचं नाहीये का तुम्हाला? तसं असेल तर तसं सांगा. मी काही कुणाला जबरदस्तीने घेऊन जात नाहीये."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "मला वाटलं, तुलाच नकोय."

"काय नकोय?"

"दोन खोल्या घेतल्यास ना तू. मला वाटलं, एक तुला आणि एक मला." त्याने वंगण अजून पुरतं न गेलेल्या बोटांकडे बघितलं. "म्हटलं, ठीक आहे. सवय होईल हळूहळू. मी कशाला काही बोलू."

बेल वाजली. तो उठला नाही. पुन्हा वाजली. बाहेरून कुणीतरी म्हणालं, मास्तर, दार अर्धंच उघडतंय. "अर्धं उघडतंय तर अर्ध्यातून जा," हा आतून म्हणाला, आणि स्वतःच दचकला. मला हसू फुटलं. मग खूप वेळ मला रडूच येत होतं, पण ते वाईट रडू नव्हतं, दमलेलं रडू होतं. चार दिवस तो दोन खोल्यांचा अर्थ पोटात घेऊन लिफ्ट दुरुस्त करत फिरला होता आणि मला वाटत होतं, दमला असेल.

"तुम्हाला कुठे राहायचं होतं?" मी विचारलं. "चालेल म्हणायचं नाही."

"काचेवर नाही," तो म्हणाला. "रोज उघड्या खड्ड्यात डोकं घालून खाली बघतो मी. तिथे जाऊन पुन्हा पायाखाली काय आहे ते बघायचं? मला तो फोटो बघूनच नको झालं होतं. पण म्हटलं तुला आवडलंय."

"मला कुठे आवडलंय? मला पोहता येत नाही. मला वाटलं, तुम्हाला आवडलंय." मग मीही सांगून टाकलं. "मला टेकडीवरची हवी होती. त्या फोटोत पलंग आहे आणि खिडकी आहे, बाकी काही नाही. मला झोपायचंय. तुम्ही शेजारी असताना झोपायचंय, आणि उठल्यावर कुणी दारात उभं नको आहे."

एवढं लांबलचक वाक्य मी माझ्या इच्छेबद्दल याआधी कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, "मग टेकडीवरची." त्याने स्वतःच भाऊजीला फोन लावला. खोली अजून होती. पण ती दोघांचीच होती. तिसरा पलंग टाकायलाही जागा नाही, भाऊजी म्हणाला, उद्यापर्यंत सांगा. नवऱ्याने फोन ठेवला आणि तो माझ्याकडे बघू लागला. पुढचं काम कुणाचं आहे, हे आम्हा दोघांना कळत होतं. "मी सांगू का मावशींना?" त्याने विचारलं. मी नको म्हणाले. हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर मी तशीच मावशीकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवली. भाऊजीचं मराठी कसं कच्चं आहे, त्याने काय ऐकलं, काय झालं, आपण हसू, मावशीही हसेल, चूक चूक म्हणून सुटून जाईल. नाही म्हणायची वेळच येणार नाही, अशी सगळी मांडणी करून मी तिचा जिना चढले.

दार उघडंच होतं. मावशी खोलीत इकडून तिकडे चालत होती. शिवणयंत्रापासून खिडकीपर्यंत आणि परत. तिच्या पायात नव्या चपला होत्या, मागे पट्टा असलेल्या, निळ्या. मावशीला मी आयुष्यभर एकाच रंगाच्या चपलांत बघितलंय, तो रंग म्हणजे धूळ न दिसणारा.

"ये ये," ती म्हणाली. "पायात रुळवून घेतेय. वाळूत चावल्या तर तुमचं फिरणं माझ्यामुळे अडायला नको. दोन दिवस घरातच घालून हिंडतेय. बघ, मागे पट्टा घेतला, म्हणजे पाण्यात निघून जायला नको."

मी बसले. पाणी प्यायले. मग जुळवलेलं सगळं सांगितलं, भाऊजीचं, "येतो"चं, "येते"चं, पलंगाखालच्या "चालेल"चं. वाण्याच्या दुकानाची गोष्टसुद्धा पुन्हा सांगितली. मावशी ऐकत होती. शेवटी ती हसलीसुद्धा, मीच बनवून दिलेल्या दातांनी.

"म्हणजे तू नव्हतं बोलावलंस," ती म्हणाली.

"नाही गं. चूक झाली."

"हं." ती यंत्राच्या स्टुलावर बसली. थोडा वेळ तिने पट्टा बोटाने चाचपला. "पण आता झालंच आहे ना सगळं? त्या पोराने मेहनत घेतलीये. असं करू या. मी खालच्या खोलीत पडून राहीन. तुमच्यात येणार नाही. दिवसभर धक्क्यावर बसेन, बोटी बघेन. तुम्हाला मी आहे हे कळणारसुद्धा नाही. चालेल का?"

इतका गरीब प्रश्न तिने मला कधीच विचारला नव्हता. मला मोठं करताना तिने परवानगी कधी मागितली नव्हती आणि मागायला नकोच होती. आता ती माझ्याकडे मागत होती, निळ्या चपला घालून. माझ्या तोंडात तो शब्द आला. अगदी ओठांशी आला. मला त्या क्षणी खरंच वाटलं, की काय बिघडणार आहे, पाच दिवसांचं तर आहे, आपण पुन्हा कधीतरी जाऊ. आणि हेही कळत होतं, की पुन्हा कधीतरी आम्ही जाणार नाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "चूक झाली नसती आणि तू नुसतं विचारलं असतंस, तरी मी नाहीच म्हणाले असते. मला त्याच्याबरोबर एकटीने जायचंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मावशीने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "बोटीचं मला सोसलं नसतंच नाहीतरी." मग म्हणाली, "आणि खारा वारा गुडघ्यांना वाईट." ती वाकून पट्टा सोडवायला लागली. पट्टा नवा, घट्ट होता, निघत नव्हता. मी खाली बसून हात पुढे केला, तर तिने पाय मागे घेतला.

"राहू दे. माझं मी काढते."

ते मला सोसलं नाही. "मावशी, असं करू या का," मी म्हणायला लागले, "मी भाऊजींना विचारते, शेजारी कुठे..."

"गप्प बस," मावशी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शाळेला उशीर झाल्यावर यायचा तो आवाज होता. "इतक्या वर्षांत एकदा मला नाही म्हणालीस. आता लगेच त्याला ठिगळ लावू नकोस. मला लागलं. लागू दे. त्याने मी मरत नाही. पण तू त्या माणसासमोरही आयुष्यभर चालेल चालेल करत राहिलीस, तर मी तुला वाढवलं ते काय वाढवलं?"

मी जमिनीवर बसून राहिले. तिने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्याने चपला काढल्या. मग उलट्या करून तळ बघितले. घरातल्या घरात दोन दिवस चालून त्यांना थोडी धूळ लागली होती, टाचेशी एक बारीक चर पडला होता. तिने ओलं फडकं आणलं आणि तळ पुसायला लागली, आधी एक, मग दुसरा. चपला उजेडाकडे धरून बघितल्या, पुन्हा पुसल्या.

"दुकानदार परत घेईल म्हणाला होता, न वापरलेल्या असतील तर," ती म्हणाली. "कळेल का गं त्याला?"

"नाही कळणार" म्हणणं सोपं होतं. आमच्या घरात कायम तेच म्हटलं गेलं असतं. तिने चपला घेऊन दुकानात जावं, त्याने चर दाखवावा आणि तिथे तिची मान खाली जावी, हे मला नको होतं.

"कळेल मावशी," मी म्हणाले. "टाचेशी दिसतंय."

तिने एकदा चपलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग राहू दे," ती म्हणाली, आणि फडकं दोरीवर टाकलं. चपला पुन्हा पायांत घातल्या, पट्टे लावले. मी निघाले तशी तीही कुलूप घेऊन बाहेर आली. जिना उतरताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आधाराला. टेकडीवर जायला रस्ता आहे की पायवाट, खिडकी कुठल्या बाजूला आहे, असं विचारत, नव्या चपलांनी टाच सोललेली असताना, ती मला माझ्या घराच्या गल्लीपर्यंत सोडायला आली.